मुकी स्कूटर

भोरच्या त्या सायकलवाल्या चाचांचं नाव मी विचारलं नाही, पण पोरांची स्कूटर निवडावी तर त्यांनीच! पायानं ढकलायची ती गाडी तेव्हा भोरात नवीनच आली होती. माझ्या सात वर्षांच्या लेकीला तिच्यावर उभं राहून पायऱ्यांवरून उड्या मारायच्या होत्या. मी मात्र एसटीत मावेल अशी घडीची, चाकांत दिवे लुकलुकणारी गाडी हेरून मोकळा झालो होतो.

चाचांनी ती वीतभर उचलून फरशीवर सोडली. घडीचा सांधा वाजला, खुळखुळ! मग बिनघडीची, काळीकुट्ट गाडी सोडली. ठप्प!

"उडीला मुकी गाडी घ्या, सायेब. बोलकी गाडी हाडं मोडती."

"पण पोरीला दिवे आवडतात," मी ठणकावलं.

"दिवं तुमाला आवडत्यात!"

त्यांनी काळ्या गाडीचा दांडा लेकीच्या कमरेइतका केला आणि तिला गाडीसकट दुकानाच्या बुटक्या पायरीवर उभं केलं. त्यांचा हात तिच्या पाठीमागे होता, पण टेकलेला नव्हता. मी घाबरून डोळे मिटले.

उघडले तेव्हा लेक खाली गाडीवर ताठ उभी होती आणि चाचा मला सोडून तिलाच विचारत होते, "काय बेटी, घ्यायची न्हवं?"