खोक्यावरची गेरूची रेघ

कळंबोलीच्या गोदामातली ती घटना मला आजही आठवते, आणि खरे सांगायचे तर ती आठवावी अशी माझी फारशी इच्छा नसते. निवृत्तीनंतर लोक गाजलेली केस सांगा म्हणतात. ही गाजली नाही. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्याही अर्धवट.

ज्या छोट्या व्यापाऱ्याचा माल एका कंटेनरला पुरत नाही, तो इतरांबरोबर एकाच कंटेनरमध्ये माल पाठवतो. शेअर रिक्षासारखाच हा कारभार. गोदामात दहा-बारा जणांची खोकी जमतात, कंटेनर भरला की निघतो. असाच एक कंटेनर सीमाशुल्क विभागाने तपासणीसाठी उघडला. त्यात तळोज्याच्या एका कारखान्याची साठ खोकी होती, कागदावर पितळी नळांची. त्यांतल्या एकोणीस खोक्यांत फुटक्या फरशा निघाल्या. कंटेनर अडकला, आणि त्याबरोबर बाकीच्यांचा मालही.

कारखानदार त्याच दिवशी आमच्या पोलीस ठाण्यात हजर झाला. "माल माझ्याकडून पूर्ण गेलाय साहेब. गोदामात चार दिवस पडून होता. चोरी तिथंच झालीये." गोदामाने दिलेली साठ खोक्यांची पोचपावती त्याने टेबलावर ठेवली. गुन्हा दाखल झाला, तपास माझ्याकडे आला. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या फोनवर निनावी खबर आली, "गोदामाची चावी मुकादमाकडं असते. त्याला उचला, सगळं बाहेर येईल."

मुकादम म्हणजे माल उतरवणाऱ्या टोळीचा प्रमुख. पंचावन्नच्या आसपासचा, नावड्याजवळच्या एका गावातला आगरी माणूस. मी त्याला चौकशीला बोलावले. सकाळी दहाला यायचा, ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरच्या बाकावर बसायचा, संध्याकाळी जायचा. असे तीन दिवस. ती अटक नव्हती. पण बाकावरचा माणूस आणि कोठडीतला माणूस यांतला फरक बाहेर कोणी पाहत नाही.

"चावी कोणाकडे असते?"

"माझेकरं."

"मग खोकी कोणी उघडली?"

"मना ठाव नाय साहेब. आमचे हातून एक खोका उघरला नाय."

"मग काय भुताने उघडली?"

माझा अनुभव असा, की दोषी माणूस फार बोलतो आणि निर्दोष माणूस चिडतो. हा दोन्ही करेना. नुसता उजव्या हाताच्या तर्जनीवर अंगठा घासत बसायचा. बोटाचे टोक तांबूस दिसले, तेव्हा मला वाटले, पान खाणारा असेल. मला त्याचा राग येत होता, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी त्याने एकच गोष्ट मागितली. "साहेब, दुपारचा घंटाभर सोरा. देवलाची चावी देवाची हाय."

अकरा वर्षे गावाने देवळाच्या भांडाराची चावी त्याच्याकडे ठेवली होती. आता गावकीचा निरोप आला होता, पोलिसांनी बसवलेल्या माणसाकडे ती नको. मी त्याला घंटाभर सोडले. वेळेच्या आत परत आला आणि त्याच बाकावर बसला. कमरेची किल्ल्यांची साखळी मोकळी होती.

तिसऱ्या दिवशी केस डायरी लिहिण्यासाठी मी हवालदाराला जप्त खोक्यांचा पंचनामा मोठ्याने वाचायला सांगितले. तो एकसुरात वाचत होता. "खोक्याच्या वरील व खालील जोडावर एकेरी चिकटपट्टी असून, पट्टीवर बोटभर लांबीची लालसर रेघ..." मी त्याला थांबवले. पंचनामा मीच लिहिला होता. एकोणीस वेळा ते वाक्य लिहिले होते, आणि एकदाही मनात घेतले नव्हते.

मी बाकाजवळ गेलो. "ही रेघ कोण काढतं?"

त्याने तांबूस बोट मुठीत लपवले. मग म्हणाला, "मीच. गेरू हाय तो. माझा बाप मिठागरावर गोनी मोजायचा, शिवलेल्या तोंडावर गेरूचा बोट मारायचा. गोन उघरली का कलते. मी बी टेम्पोतून खोका उतरला का मारतो. हापिसान मना केलाय, फॉरेनचा गिऱ्हाईक कंप्लेंट करतो म्हनून. सांगितला तर नोकरी जाल."

पट्टीवर रेघ होती, रेघेवर पट्टी नव्हती. म्हणजे गेरू लागल्यापासून सीमाशुल्कवाल्यांनी कापेपर्यंत खोकी कोणी उघडलीच नव्हती. रेघ नंतर मारली नाही कशावरून, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर कारखान्यातून माल आणणाऱ्या टेम्पोच्या चालकाकडे मिळाले. माल उतरवला याचा पुरावा म्हणून त्याने मोबाईलवर फोटो काढून कारखानदाराला पाठवले होते. त्यांत रेघा स्पष्ट होत्या. एका खोक्यावर गेरूचा ओघळ खाली आला होता, तोच ओघळ जप्त खोक्यावर होता. खोकी कारखान्यातूनच फरशा घेऊन आली होती.

पुढचे सोपे होते. ऑर्डर वेळेत पुरी झाली नव्हती, मुदत चुकवायची नव्हती, म्हणून कमी पडलेल्या नळांच्या जागी फरशा भरल्या, आणि अंगाशी आले तेव्हा चोरीची फिर्याद दिली. निनावी फोनही कारखानदारानेच पॅकिंगच्या माणसाकडून करवला होता. फोटो समोर ठेवल्यावर कारखानदार फार बोलला. अगदी फारच.

मुकादमावर कधी आरोपच ठेवला नव्हता, त्यामुळे तो निर्दोष असल्याचा कागदही कुठे तयार झाला नाही. आमच्या खात्यात बाकावर बसवण्याची नोंद होते, बाकावरून उठवण्याची होत नाही. म्हणून पुढच्या रविवारी मी वर्दीवर त्याच्या गावात गेलो. देवळासमोर पंधरा-वीस माणसे जमली होती. मी सांगितले, की यांनी चोरी केली नाही, यांच्याच बोटामुळे खरा गुन्हेगार सापडला, आणि यांना तीन दिवस बसवले ही माझी चूक होती. 'तू'वरून 'तुम्ही'वर मी तिथे आलो.

एका म्हाताऱ्याने लगेच चावी पुढे केली. मुकादमाने हात जोडले. "नको काका. आता ती तुमचेकरंच रव द्या."

मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, "साहेब, घर इथंच हाय. च्या घेऊन जा."

त्यानंतर नोकरीत मी कोणालाही बाकावर बसवण्याआधी पंचनामा दोनदा वाचत असे. काही वर्षांनी त्या गावावरून जाताना चौकशी केली. चावी अजून त्या म्हाताऱ्याच्याच घरी होती.