वांकिडीचा ब्लाउज-कॉम्प्युटर

आमच्या शिलाई केंद्रातल्या चार बाया एका ठिकाणी बसल्या की चहा थंड होतो आन् गोष्टी गरम! एकीनं सुरू केलं की दुसरी म्हणते, "थांब, तू चुकीचं सांगून राह्यली." असं करता करता एकेका गोष्टीला तीन-तीन शेपट्या फुटल्या. मी सातवी शिकलेली. म्हटलं, आपणच लिहून काढावं.

गोष्टी नव्वद सालाच्या पुढच्या. केंद्र सुनंदाताईचं. ताई नागपूरला कॉम्प्युटर शिकून आंध्राच्या हद्दीतल्या आमच्या वांकिडीला परत आली ती एकच ध्यास घेऊन. बाईचं माप टाकलं की ब्लाउजचा फर्मा, म्हणजे कापायचा कागदी नमुना, मशीननं काढून द्यावा. चंद्रपूरच्या मामांनी घरी पडून असलेला जुना कॉम्प्युटर प्रिंटरसकट दिला, पण अट घातली, "सहा महिने घे. फर्मा अंगावर बसला तर तुझा, नाही तर मी उचलून नेतो."

ताई मला त्याच्यावर बसायला शिकवणार होती. म्हणून मशीन जाऊ नये याची काळजी सगळ्यात जास्त मला. तशी मला काळजी कशाचीबी लागते!

*

कॉम्प्युटर जीपमधून आला, तीन गोधड्या पांघरून. नाक्यावरच्या शिपायानं गोधडी उचलली.

"टीव्ही है क्या? पिच्चर आती इसमें?"

ताई म्हणाली, "आती है ना. ब्लाउज की!"

त्यानं आमच्याकडं असं पाहिलं की जीप लगेच सोडली!

*

मशीनला अर्थिंग पाहिजे होतं. वायरिंगवाला रामुलु आला. अंगणात खड्डा खणला, त्यात मीठ टाकलं, कोळसा टाकला, वरून म्हणाला, "अम्मा, रोज नीळ्ळु पोय्याली." म्हणजे रोज पाणी घालायचं.

हे काम आमच्या गंगूमावशीनं घेतलं. मावशी केंद्रातली सगळ्यात जुनी कटिंगवाली. पंधरा दिवस नेमानं तांब्या ओतला. सोळाव्या दिवशी ताईला म्हणते, "पोरी, पाणी तं रोज घालून राह्यली मी. उगवत काऊन नाही?"

*

ताईचं काम पाहत राहावं असं होतं. आधी एक फ्लॉपी घालायची, मग मशीन जागं व्हायचं. मग दुसरी, तिच्यात ताईनं लिहिलेला प्रोग्राम. जेवायचं भान नसायचं तिला. पण अडली ती मावशीपाशी.

"मावशी, बाही जोडायच्या मुंढ्याला शिलाईसाठी किती सोडता?"

"एक बोट."

"आन् पाठीला?"

"दोन बोटं."

"इंचात सांगा ना!"

"इंच टेपवर असते. मी बोटानं कापतो."

दुसरी कोणी असती तर चिडली असती. ताईनं टेप घेतला, मावशीचं बोट मापलं आन् प्रोग्रामच्या पहिल्या ओळीतच लिहून टाकलं, एक गंगू बरोबर पाऊण इंच. पुढं सगळा हिशेब गंगूत! मुंढा एक गंगू, पाठ दोन गंगू.

मावशीनं ते ऐकलं आन् बोट पदराखाली लपवलं. "अवं, उद्या हे बोट सुजलं तं?"

ताई म्हणाली, "तं साऱ्या वांकिडीचे ब्लाउज ढिल्ले!"

*

पहिला फर्मा छापला तो निम्माच आला. ताईनं आकडा कुठंतरी दोनानं भागला होता. बाया हसल्या. मावशी हसली नाही. तिनं तो फर्मा चिंधीवर ठेवला, कापला, शिवला आन् माझ्या आठ महिन्यांच्या पोरीला घातला. पक्का बसला!

"घ्या," मावशी म्हणाली, "गिऱ्हाईक रडलं नाही."

*

आता माझी चूक. पोरगी रांगायला लागली होती आन् केंद्रात जमिनीवर टाचण्याच टाचण्या. मी एक मोठं लोहचुंबक घेतलं होतं. दिवसातून चारदा सगळी फरशी त्यानं पुसायची. बाया मला 'चुंबकबाई' म्हणायच्या.

एक दिवस पोरीनं फ्लॉपी तोंडात घातली. मी ताईच्या दोन्ही फ्लॉप्या लोखंडी कपाटावर उंच लावल्या. पडू नये म्हणून वरून तेच चुंबक चिकटवलं!

दुसऱ्या दिवशी मशीन जागंच होईना. चुंबकानं फ्लॉप्यांमधलं दोन महिन्यांचं काम पुसलं गेलेलं. मी पोरीला कडेवर घेऊन उभी.

ताईनं कपाटावरचं चुंबक काढून माझ्या हातात दिलं. मग म्हणाली, "मंगल, पोरीनं टाचणी गिळली नाही ना?"

"नाही ताई."

"मग बस. तसाबी फर्म्याचा गळा वाकडा येत होता."

जागं करायची फ्लॉपी नागपूरहून मागवली. प्रोग्राम तिनं आठवून आठवून बारा दिवसांत परत लिहिला. गळा सरळ आला!

*

सहा महिने भरले आन् मामा आले. सोबत मामी आन् नवी सून. मामा म्हणाले, "सुनंदा, तू बाजूला हो. ह्या बायांपैकी कोणी बसा. टेप लावायचा नाही. हे सुनेचं लग्नातलं माप, ह्या चिठ्ठीवरून होऊ द्या."

ताईनं मला बसवलं. चिठ्ठीत छाती बत्तीस होती. मी सुनेकडं पाहिलं. तिनं चहा तसाच परत ठेवला होता. शेजारच्या घरून फोडणीचा वास आला तसा नाकाला पदर लावला. मग अंगणातल्या चिंचेखाली जाऊन एक चिंच उचलली, फुंकली आन् गुपचूप तोंडात टाकली.

मी बत्तीसच्या जागी चौतीस टाकलं. कोणाला सांगितलं नाही.

फर्मा निघाला. मावशीनं कापला, आम्ही शिवला. सून आतून घालून आली. खांदा, मुंढा, पाठ, कुठं एक सुरकुती नाही! ताईचे डोळे भरून आले.

तेवढ्यात मामांनी चष्मा लावून कागदावरचा आकडा वाचला. "हे काय? चौतीस? चिठ्ठीत बत्तीस हाय! चुकलं तुमचं मशीन!"

ताईनं माझ्याकडं पाहिलं, मी सुनेकडं. सुनेचे कान लाल झाले.

मामीनं एकदा आकडा पाहिला, एकदा सून पाहिली. मग मामांच्या हातातला कागद काढून घेतला.

"अहो, चूप बसा. मशीन इथंच राहू द्या. सुनंदा, त्याच्यात झबल्याचा फर्मा बी टाकून ठेव."