खिळ्याला टांगलेलं कटिंग

पडद्याची एक बाजू दुमडून झाली होती. दुसरी मशीनखाली तशीच सोडून शिवणकाकू दाराशी आल्या. दारात सायकल कंपनीच्या बाई, हातात काकूंनीच शिवलेलं बॅटरीचं कव्हर.

त्या कव्हराची गोष्ट अशी. धाकटे दीर बॅटरीच्या सायकलवरून घरोघरी सामान पोचवायचे. उन्हात बॅटरी तापायची आणि सायकल भर रस्त्यात बसकण मारायची. काकूंनी देवाचं नाव घेऊन कात्री चालवली, कव्हराला आतून उभ्या चुण्या घातल्या. वारा खालून शिरून वरून निघू लागला, सायकल रुसायची थांबली.

आता कंपनीला त्याचं पेटंट हवं होतं. शोध लावणारी म्हणून काकूंचं नाव लागणार होतं; मात्र इतर कुणी ते शिवायचं नाही. बुद्धी देणारा तो, आपण नुसती कात्री, असं मानणाऱ्या काकू. पण नावाचं ऐकून हरखल्या. जन्मभर लोकांच्या मापाचं शिवलं, शिवणारीचं नाव कुणी विचारलं होतं?

हे आधी कुणाला दाखवलंय का, असं बाईंनी विचारलं. काकूंनी भिंतीकडे बोट केलं. खिळ्याला कव्हराचं कागदी कटिंग लटकत होतं. गल्लीतल्या शिवणाऱ्यांची रीतच ती: नवं कटिंग जमलं की टांगायचं, हवं त्यानं गिरवून न्यावं. समोरच्या मावशींनी तर शिवून विकायलाही घेतलं होतं.

बाईंचा चेहरा उतरला. इतकं उघड झालेल्या गोष्टीला पेटंट मिळणं कठीण, त्या म्हणाल्या. शेजारी उभ्या असलेल्या दिरांनी कपाळाला हात लावला. "वहिनी, दागिना कुणी खिळ्याला टांगतं का?"

काकूंना ते लागलं. बाईंच्या हातातलं कव्हर घेऊन त्यांनी चुण्या चाचपल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे दुसऱ्या कुणालाही मिळणार नाही?"

"नाही. ते आता सगळ्यांचं झालं," बाई म्हणाल्या.

"मग मावशींना शिवू नका म्हणायला कुणी येणार नाही."

"नाही येणार."

काकूंनी कटिंग उतरवून बाईंपुढे ठेवलं. "तुम्हीही गिरवून घ्या. चुण्या तेवढ्या उभ्याच ठेवा."

"आणि तुमचं नाव?" दिरांनी विचारलं.

"भावोजी, पेन्सिल द्या." काकूंनी कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव लिहिलं. हाताळून कागद पार विरला होता, कडा फाटल्या होत्या. तो आता फार टिकणार नव्हता.

पडदा तसाच ठेवून काकू चपला घालून निघाल्या, कटिंगसाठी जाड पुठ्ठा आणायला.