पांढऱ्या खुंट्यांची बाजू

वर्तमानपत्र सोडून दुबईत आलो तेव्हा मला मातीतलं काहीच कळत नव्हतं. सिलिकॉन ओएसिसमधल्या एका संशोधन संस्थेत अहवाल लिहिण्याचं काम मिळालं. शिकवलं ते तिथल्या सरांनी. ते पुण्याचे मृदाशास्त्रज्ञ. मूठभर माती ओली करून अंगठा आणि बोटामध्ये दाबत पट्टीसारखी पुढे सरकवायची. पट्टी जितकी लांब निघेल तितकी चिकणमाती जास्त, हे त्यांच्याच हातात पाहिलं. रविवारी जेवायला मी त्यांच्या घरी असायचो.

कमी पावसात तग धरणारी ज्वारी हा त्यांचा प्रकल्प. त्यासाठी आम्ही पूर्व आफ्रिकेतल्या एका शेतकरी बाईंकडे गेलो. त्यांच्या शेताचे दोन भाग केले होते. लाल खुंट्यांच्या भागात संस्थेचं बियाणं आणि संस्थेची पद्धत. पांढऱ्या खुंट्यांच्या भागात त्यांची नेहमीची ज्वारी, खड्ड्यांत लेंडीखत आणि राख घालून पेरलेली. तुलनेसाठी असा भाग ठेवावाच लागतो. त्या हंगामात पाऊस मध्येच थांबला होता. लाल भाग वाळला होता, पांढरा उभा होता.

मी फोटो काढले. बाईंनी दुभाष्यामार्फत एकच गोष्ट सांगितली: लिहाल तेव्हा माझी बाजू कुठली ते लिहा. मी ते वहीत लिहून घेतलं आणि त्यांना वाचून दाखवलं.

प्रकल्पावर मी लिहिलेल्या पुस्तिकेचं प्रूफ आलं. मुखपृष्ठावर माझाच फोटो होता, पांढऱ्या भागाचा. कडेच्या खुंट्या कापलेल्या. खाली ओळ होती: संस्थेच्या पद्धतीने वाढलेलं पीक. लेआउटमध्ये गोंधळ झाला असणार, असं समजून मूळ फोटो घेऊन मी सरांच्या लॅबमध्ये गेलो. ट्रेमध्ये मातीचे नमुने वाळत होते. सरांनी दोन करक, म्हणजे इथले दाट दुधाचे कडक चहा मागवले.

"चूक नाहीये ती," ते म्हणाले. "फोटो मीच क्रॉप करायला सांगितला."

"सर, ते पीक त्या बाईंचं आहे."

"अरे, त्यांचंच चांगलं आलं असं छापलं तर प्रोजेक्ट पुढे कोण चालू ठेवेल? चालू राहिला तर फायदा त्यांचाच आहे. तू आता पेपरात नाहीस, बाबा."

मी माझं नाव काढायला सांगितलं. ते समजूत घालतील असं वाटलं होतं. त्यांनी फाइल उघडून नाव लगेच खोडलं, इथल्या अरबीत "खलास", झालं, असं म्हणाले आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मी तो प्यायलो. त्यानंतर रविवारी त्यांच्याकडे गेलो नाही. त्यांनीही विचारलं नाही.

पुस्तिका तशीच छापून गेली. मग मी मूळ फोटो दुभाष्याला पाठवला आणि पांढरी बाजू बाईंची आहे, असं सोबत लिहिलं. त्याचं उत्तर आलं. पुस्तिका गावात आधीच पोचली होती. शाळेच्या मास्तरांनी ती बाईंना वाचून दाखवली होती. फोटोतल्या बांधावरच्या वारुळावरून बाईंनी स्वतःचं शेत ओळखलं होतं. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की हा फोटो काढणारा आणि वहीत लिहून घेणारा माणूस एकच ना?

पुस्तिकेत माझं नाव कुठेच नव्हतं. मी "हो" असं लिहून पाठवलं.