घासलेलं स्टेरिंग

भूतखेत, करणी, अंगात येणं, यावर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. तरी लिहिते, कारण घरात हा विषय काढला की सगळे उठून जातात...

नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही निरवांगीचे. मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, जुनी जीप वडापला होती — माणसं भरून इंदापूर, बारामती करायचे. स्टेरिंगला भेगा पडलेल्या आणि त्यांचे हात बसायचे तिथं दोन्ही बाजूंना खळगे झालेले. मालक मूतखड्याच्या ऑपरेशनसाठी बारामतीला दवाखान्यात होते, तेव्हा आमचा थोरला मुलगा अशोक म्हणाला, "आण्णा यायच्या आत स्टेरिंग नवं करू. कुणाला सांगू नगंस."

त्यानं ते काढून ओसरीवर आणलं, भेगा-खळग्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. वाळल्यावर डावी बाजू आधी कानशीनं, मग पॉलिश पेपरनं घासली. मी घट्ट धरून बसले होते.

संध्याकाळी दवाखान्यातून दीर आले, कपडे न्यायला. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. म्हणाले, "वैनी, दादाचं कायतरी येगळंच चाललंय. दुपारपास्नं डावा हात चोळतोय. म्हणतोय, कोन तरी कानस फिरवतंय, त्याला थांबवा."

ते गेल्यावर अशोकनं माझ्याकडं बघितलं. "आये, ऱ्हाऊ दे का?"

"ताप चढला आसंल. अर्ध्यात कशाला सोडतोस? घास."

दुसऱ्या दिवशी उजवी बाजू घासली आणि स्टेरिंग परत जीपला बसवलं. त्या दिवशी मालकांनी उजवा हात चोळला, दिरांनीच नंतर सांगितलं.

मालक घरी आले तेव्हा आम्ही नको नको म्हणत असताना आधी जीपमध्ये बसले. फाट्यापर्यंत नेली, तिथंच सोडली आणि चालत परत आले.

"हातातनं सुटतंय," एवढंच म्हणाले.

मी त्यांचे तळवे बघितले. इतक्या वर्षांचे घट्टे — एकही नाही. तान्ह्या पोराचे असावेत तसे मऊ. डॉक्टर म्हणाले, पडून राहिलं की जातात. एवढ्यात? आणि पायाचे घट्टे मग होते तसेच कसे राहिले?

अशोकनं लांबी खरवडून काढली, स्टेरिंगला कापड गुंडाळलं. उपयोग झाला नाही. पुढं जीप तोच चालवायचा. मालक मागं बसायचे, पॅसेंजरसारखे, हात मांडीवर ठेवून.

हे कसं झालं, मला अजून उमगलेलं नाही. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर भांडून तरी मोकळी झाले असते.