बीमला नमस्कार

जर्मनीच्या संघातून जिम्नॅस्टिक्स केलं म्हटलं की लोक पदकांचं विचारतात. मला मेलीला आठवतो तो थकवा. ऐन पंचविशीत मी सकाळी कठडा धरून जिना उतरायचे.

आई मूळची ठाण्याची. पुस्तकाला, ताटाला, माणसाला पाय लागला की हात लावून नमस्कार करायचा, हे तिने जर्मनीतल्या घरातही सोडलं नाही. आता मला सांगा, तोल सांभाळत कसरती करायच्या, तळहाताएवढ्या रुंद ज्या आडव्या बीमवर दिवसभर पायच ठेवायचे, तिचं काय करायचं? तोडगा आईनेच काढला. चढण्याआधी एकदाच हात लावून कपाळाला लाव, सगळ्याची माफी मागून झाली.

पण सवय कसली ऐकते! एका स्पर्धेत उडी चुकली, टाच बीमवर खाडकन आपटली आणि माझा हात गेलाच खाली. तोल मुळीच गेला नव्हता. पण बीमला हात टेकला की पडल्यासारखेच गुण कापतात. कोचबाईंनी विचारलं, "हात का टेकलास?"

"पाय लागला."

"बीमवर पाय नाही लागणार तर काय लागणार?" त्या म्हणाल्या.

स्पर्धेसाठी कॅनडात मॉन्ट्रियलला आलो तोवर घोट्याची पार वाट लागली होती. फिजिओ म्हणाला, घट्ट पट्टी बांधून आज चढता येईल, पण पुन्हा मुरगळला तर साधं चालणंही कठीण होईल. मी नसले तर संघाचं काही अडणार नव्हतं. संपणार होती ती माझी कारकीर्द, कारण माझ्या वयाच्या मुलीला कोणी पुन्हा बोलावत नाही. कोचबाई म्हणाल्या, "तू ठरव." काय खायचं, कधी झोपायचं, सगळं इतकी वर्षं तुम्ही ठरवलंत, आणि नेमकं हेच माझ्या गळ्यात? असा संताप आला!

माझी पाळी आली. पंचांना हात वर करून सलामी दिली, बीमला हात लावला, कपाळाला लावला. रोजचंच. पण हात पुन्हा बीमवर जाऊन बसला आणि उचलवेना. वर चढायची भीती नव्हती. कंटाळा आला होता, हाडांपर्यंत. मी वळले आणि कोचबाईंना म्हटलं, "झालं माझं." त्यांनी फक्त माझं जॅकेट पुढे केलं.

आई स्पर्धा बघायला आली होती; तिला आणि मला तिथलीच मावशी गाडीने ओटावाला तिच्या घरी घेऊन निघाली. वाटेत म्हणाली, "अगं, एवढ्या लांब येऊन वर चढलीच नाहीस? ट्राय तरी करायचंस!"

"गप गं तू, गाडी चालव," मागून आई म्हणाली.

मावशीच्या बेसमेंटमध्ये आईने माझा पाय मांडीवर ओढून घेतला आणि पट्टी सोडायला लागली. घोटा सुजून टम्म झाला होता. कळ आली तसा पाय झटकला गेला आणि टाच तिच्या पोटाला लागली. मी लगेच वाकले, तिला हात लावून नमस्कार करायला.

तिने माझा हात मधेच धरला आणि माझ्याच घोट्यावर ठेवला.

"मला नको," ती म्हणाली. "ह्याला कर."