नांग सेल्साची एक चप्पल

चर्च दिसलं की नांग सेल्सा, म्हणजे आमची सेल्साताई, हॉर्न दोनदा हलकेच वाजवायची. हात स्टिअरिंगवर असत, म्हणून क्रूस हनुवटीने करायची. पास्टेल पाव मधे फोडून आतलं पिवळं गोड आधी खायची आणि उरलेला पाव माझ्या हातात कोंबायची. लान्सोनेस खाऊन कुणी गाडीत साली टाकल्या तर ओरडायची, मग त्याच साली उचलून खिशात भरायची. वाळवून जाळल्या की डास पळतात. गाडी चालवायची ती अनवाणी. चपला सीटखाली. उतरणाऱ्याला ‘नीट जा’ कधी म्हणाली नाही. ‘उद्या ये’ म्हणायची.

ऑगस्टमध्ये ती गेली. गिन्सिलिबानच्या थांब्यावर, माणसं भरायची वाट बघत. मी शेजारी बसून मुलांचे निबंध तपासत होते. मला वाटलं, डुलकी लागली.

आमच्या कामिगिन बेटाला एकच मोठा रस्ता. मांबाहाओहून निघायचं, समुद्र डाव्या हाताला ठेवायचा, आणि माहिनोग, गिन्सिलिबान, सागाय, कातारमान करत परत मांबाहाओला यायचं. या रस्त्यावर तिची मल्टिकॅब धावायची, मागे समोरासमोर दोन बाकं असलेली छोटी गाडी. मी सागायच्या शाळेत शिकवते. रोज तिच्या शेजारी बसून जायचे. गावं मला तिच्या तोंडून कळली. माहिनोगची माणसं चढतानाच भाड्यावर हुज्जत घालतात. गिन्सिलिबानची थांबा यायच्या आधीच उठून उभी राहतात. सागायची थांबा मागे गेल्यावर ओरडतात.

“आणि कातारमानची?” मी विचारलं होतं.

“ती उतरतच नाहीत. गप्पा संपायच्या असतात.”

तिच्या नवऱ्याला, तिबोला, अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. तेव्हा तिने नवस बोलला: हा बोलला तर ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात अख्खं बेट पायी फिरेन, शुक्रवारचा सूर्य मावळायच्या आत. असा नवस आमच्याकडे पुष्कळजण बोलतात. गुरुवारी आणि शुक्रवारी रस्ता चालणाऱ्यांनी भरलेला असतो. कुणी शनिवारपर्यंतही रेटतं. सूर्यास्ताची अट हिची स्वतःची.

“घाईत बोलले गं, पोरी,” ती मला म्हणायची. “घासाघीस करायची राहिली.”

काही महिन्यांनी तिबो बोलला. “सेल्सा, भात करपला.”

“एवढ्या महिन्यांनी तोंड उघडलं, आणि त्यातही खोड काढली,” हे ती बेटभर सांगत फिरली. नवस मात्र फेडायचा राहिला. कारण त्याच दोन दिवसांत लोकांना तिची गाडी लागायची. चालणाऱ्यांचे पाय सोलवटायचे, म्हातारी माणसं रस्त्याकडेला बसकण मारायची. पण गाडीत बसलं तर नवस मोडतो, म्हणून रडत रडत पुढे सरकायची. नांगने त्यावर तोड काढली. चालणारा थकला की एक चप्पल तिथेच रस्त्याकडेला ठेवायची, वर दगड. मग गाडीत बसून घरी जायचं, झोपायचं. सकाळी नांग बरोब्बर त्या चपलेपाशी आणून सोडणार. तिथून पुढे चालायचं. मधला एक पाऊलभर रस्ताही बुडत नाही. हा नियम कुठल्या पाद्रीने केला नाही. तिने केला, लोकांनी मानला. ठेवलेल्या चपलेला कुणी हात लावत नाही.

“बाकीच्यांचे नवस फेडतेस,” तिबो तिला डिवचायचा. “तुझा काय देव विसरलाय?”

यंदा मार्चमध्ये तिबो मिठाला दोर म्हणाला. मग खिडकीला बोट दाखवलं, पण तिचा शब्द काही सापडेना. त्या दिवशी मी घरापाशी उतरताना नांग म्हणाली, “दिलेलं देव परत न्यायला लागलाय. यंदा मी चालणार.”

गाडी तिने धाकट्या भावाला, माक्सिमोला दिली. मी तिच्याबरोबर चालले. गुरुवारी पहाटे निघालो, रात्री सागायला माझ्या शाळेत टेकलो, शुक्रवारी दुपारी कातारमान मागे टाकून बोनबोनला पोचलो. समुद्रात उभा असलेला मोठा क्रूस दिसला तशी ती हसली. इथून मांबाहाओ तिला सूर्यास्ताच्या आधी सहज गाठता आलं असतं.

तेवढ्यात समोरून तिचीच गाडी आली. आत सात-आठ माणसं, सगळी एका पायात चप्पल घातलेली, सगळी एकदम बोलणारी. एक म्हातारी टॉवेलने डोळे पुसत होती. माक्सिमोने गाडी थांबवली आणि टपावरून एक पोतं खाली घेतलं.

“हे काय?” नांगने विचारलं.

“चपला. काल रात्री सगळ्या गोळा करून ठेवल्या, नांग. हरवायला नकोत म्हणून.”

नांगने पोत्याचं तोंड उघडून आत पाहिलं.

“दोन-दोन करून नीट बांधून ठेवल्यात,” तो हळूच म्हणाला.

“माक, तुझं डोकंही कुणीतरी असंच जपून ठेवलंय वाटतं!”

“सकाळपासून हा आम्हाला फिरवतोय,” म्हातारी म्हणाली. “प्रत्येक झाडापाशी विचारतो, हेच का? काल रात्री अंधारात मला झाड दिसलं होतं होय?”

नांगने तापलेल्या बॉनेटवर हात टेकला. मांबाहाओच्या दिशेने पाहिलं. मग सूर्याकडे. मी तिला म्हणाले, “नांग, माक्सिमो करेल काहीतरी.”

“हा काय करणार? पोतं बांधेल.”

ती रस्त्याकडेला गेली. उजव्या पायातली चप्पल काढली, क्रुसासमोर ठेवली, वर दगड ठेवला. येऊन स्टिअरिंगमागे बसली. राहिलेली चप्पल सीटखाली सरकवली.

“आणि तुझं?” मी विचारलं.

“चप्पल काय पळून जाते का? चढ.”

मग प्रत्येकाला ती विचारत गेली. बसलात तेव्हा वास कसला येत होता? कुत्रं कुठल्या बाजूने भुंकलं? म्हातारी म्हणाली, सुक्या माशांचा वास होता आणि कुणीतरी बेसूर गात होतं.

“बेसूर? मग ते कातारमानच्या नाक्यावरचं दुकान. त्या दुकानदाराला जन्मात सूर लागला नाही.”

म्हातारी खुदकन हसली. दुकानासमोर उतरली, पोत्यातली चप्पल पायात घातली, आणि मागे न बघता चालायला लागली. नांगने हॉर्न दोनदा वाजवला. एकेक करत सगळ्यांना सोडलं. शेवटच्या माणसाला सागायच्या अलीकडे उतरवलं तेव्हा समुद्र काळा झाला होता. तिने इंजिन बंद केलं.

“पुढच्या वर्षी तिथूनच,” ती म्हणाली. “तोवर म्हाताऱ्याला रोज बोलतं ठेवते. भात करपवते.”

आणि खरंच करपवायची. तिबो रोज चिडायचा, रोज बोलायचा.

तो अजून बोलतो. मिठाला कधी दोर म्हणतो, पण बोलतो. मातीच्या दिवशी मी त्याला म्हणाले, बोनबोनपासून पुढचं मी चालू का?

“नवस तिचा,” तो म्हणाला. “चप्पल हलवू नकोस.”

गाडी आता माक्सिमो चालवतो. मी शेजारी बसते. तिची डावी चप्पल सीटखाली आहे. रविवारी मी मुद्दाम बोनबोनपर्यंत जाते. माक्सिमो तिथे गाडी हळू करतो. दगडाखालची चप्पल उन्हाने पांढुरकी पडलीये. टोक मांबाहाओकडे आहे.